ऋतुमान आणि माणूस (लेखांक नववा) : उजेडाची तगाई

गेल्या लेखांकात वऱ्हाडातील वैशाखाचा, वाळ्याच्या ताट्यांचा आणि भर दुपारी दारे-खिडक्या लावून घेऊन अंधार जपणाऱ्या घरांचा विचार करताना, सूर्य ज्यांना फार होतो अशा लोकांची कैफियत आपण ऐकून घेतली. आज ज्यांना तो पुरत नाही अशांची ऐकावयाची आहे. ह्या दुसऱ्या पक्षाची बाजू मला वाचून ठाऊक होती. परंतु वाचलेली थंडी अंगाला लागत नाही आणि वाचलेला अंधार डोळ्यांत उतरत नाही, त्यामुळे काही वर्षांपूर्वी मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे भाचीच्या घरी दीड महिना मुक्काम पडला नसता, तर हा लेखांक मी लिहिण्यास धजलो असतो की नाही, याची मला शंकाच आहे.

ॲबर्डीन हे उत्तर समुद्राच्या काठचे, करड्या ग्रॅनाइटने बांधलेले बंदर. समुद्रातील खनिज तेलाच्या व्यवसायामुळे देशोदेशींचे अभियंते तेथे येऊन राहतात, आणि भाचीचे यजमान त्यांपैकीच एक. गावाचा अक्षांश सत्तावन्न. डिसेंबरच्या २१ तारखेस तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीन वाजण्याच्या आत मावळतो, म्हणजे पुण्यात जो दिवस अकरा तासांचा भरतो तो तेथे पुरता पावणेसात तासांचाही भरत नाही. परंतु दिवसाची लांबी ही तक्रारीची निम्मीच बाजू झाली; दुसरी बाजू सूर्याच्या उंचीची आहे. पुण्यात त्याच दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, तर ॲबर्डीनला तो जेमतेम साडेनऊ अंश चढतो, म्हणजे समोरच्या दुमजली घराच्या धुराड्याआड दडून बसण्याइतपतच. आणि त्यातही आकाश ढगांनी लिंपलेले असले, म्हणजे तो उगवला काय आणि न उगवला काय, सारखेच. पहिल्या आठ दिवसांत मी सूर्यबिंब दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा रस्त्यातील माणसे त्याच्याविषयी गावात आलेल्या पाहुण्याविषयी बोलावे तशी बोलत होती.

भाचीच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लहानसा देव्हारा आहे आणि तिन्हीसांजेला दिवा लावण्याची तिच्या आईची रीत तिने सोडलेली नाही. पण तिन्हीसांज साडेतीनला! शाळा सव्वातीनला सुटे, मुले रमतगमत पावणेचारपर्यंत घरी येत, आणि तोवर दिवा लागून वात काजळावयास आलेली असे. ‘शुभं करोति’ म्हणावयाची ती मुलेच दिव्याच्या वेळी घरात नसत. मला स्वतःला तर पहिले दहा दिवस नुसते निजावेसे वाटे. सकाळी जाग येई ती अर्धवट, दुपारी गोड खाण्याची अनिवार इच्छा होई, आणि संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या दुपारी, कोणी काही विचारले तर उत्तर देण्याचाही कंटाळा येई. मी त्याला प्रवासाचा शीण म्हणत होतो. भाचीने मात्र निदान आधीच करून ठेवले होते.

तिच्या ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, पाटाएवढी एक पांढरी चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सकाळी साडेसातला, बाहेर मिट्ट काळोख असताना, तिने खटका दाबला आणि ओट्याचा तेवढा भाग भर दुपारसारखा लखलखला.

“मामा, चहा घेऊन अर्धा तास इथंच बसा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, पण पाठही करायची नाही.”

“अगं, घरात एवढे दिवे आहेत, त्यात आणखी हा कशाला?”

“ते दिवे आपल्याला दिसावं म्हणून आहेत. हा शरीराला सकाळ झालेली कळावी म्हणून.”

ह्या उत्तरात जे शास्त्र आहे ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. आपला डोळा हा उत्तम साक्षीदार असला तरी मोजणीदार म्हणून अगदीच बेभरवशाचा आहे. उजेड कमी झाला की बाहुली विस्फारते, नेत्रपटल अधिक संवेदनशील होते, आणि दोन्ही मिळून आपली अशी समजूत करून देतात की, सर्व काही यथास्थित आहे. प्रकाश लक्स ह्या परिमाणाने मोजतात. चांगल्या उजेडाच्या म्हटल्या जाणाऱ्या कचेरीत तीनशे ते पाचशे लक्स असतो; बाहेर आकाश मेघांनी झाकलेले असतानाही माध्यान्हीस तो काही हजारांच्या घरात जातो; आणि आपल्या अंगणातल्या निरभ्र दुपारी एक लाखापर्यंत पोहोचतो. दिवाणखान्यात चार दिवे लावून बसलेला मनुष्य आपण उजेडात बसलो आहोत असे शपथेवर सांगेल, आणि त्याच्या नेत्रपटलाच्या हिशेबी तो संधिप्रकाशातच बसलेला असेल. भाचीचा दिवा ठरावीक अंतरावरून दहा हजार लक्स देणारा होता.

आता हा हिशेब ठेवतो कोण? दृष्टीच्या कामी येणाऱ्या परिचित पेशींखेरीज नेत्रपटलात आणखी काही पेशी अशा आहेत की, ज्या स्वतःच प्रकाश ओळखतात, पण चित्र घडविण्याच्या कामी त्यांचा फारसा उपयोग नसतो. २००२ साली त्यांचा हा गुण सिद्ध झाला. किती प्रकाश आहे एवढीच वर्दी त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका सूक्ष्म केंद्रास देतात, आणि झोप, शरीराचे तापमान, भूक यांचे वेळापत्रक त्या केंद्राच्या हुकमतीत असते. ह्या आंतरिक घड्याळात एक खोड आहे : बहुतेक माणसांत त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे रोज सकाळच्या प्रकाशाने त्याला ओढून जाग्यावर आणावे लागते. आपल्याकडे हे काम उठल्याबरोबर, अंगणात वा गॅलरीत तोंड धुता धुता, कोणाच्या नकळत उरकते. जेथे मनुष्य अंधारात कामावर रुजू होतो आणि अंधारातच घरी परततो, तेथे ही हजेरी घेतलीच जात नाही. घड्याळ मागे पडत जाते, आणि रात्रीची सूचना देणारा मेलाटोनिन हा स्राव सकाळी ओसरावयाचा तो रेंगाळत राहतो. हिवाळी विषादाची ही एकमेव उपपत्ती आहे असे नव्हे, पण सकाळच्या दिव्याचा गुण सर्वांत सरळ तिच्यावरूनच समजतो.

ह्या विषादास व्याधी म्हणून नाव मिळाले ते १९८४ मध्ये. नॉर्मन रोझेन्थाल नावाचे तरुण वैद्य १९७६ साली जोहान्सबर्गच्या लख्ख उन्हातून न्यूयॉर्कला आले आणि तेथील हिवाळ्यात आपली उमेद गळते व वसंतात परत येते, हे त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची एका अभियंत्याशी गाठ पडली, ज्याने आपल्या मनाच्या चढउतारांची वर्षानुवर्षे टिपणे ठेवलेली होती. त्याला कृत्रिम प्रकाशात बसविण्यात आले आणि त्याचा हिवाळा हलका झाला. सामान्य विषण्णतेत झोप उडते आणि अन्न जात नाही; ह्या ऋतुजन्य प्रकारात पुष्कळदा उलट होते, झोप सरत नाही आणि खाणे आवरत नाही. तरीही उत्तरेकडे जावे तसतसे दुःख वाढत जाते असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब येथे मांडता येत नाही. आइसलँडमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही व्याधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून कमीच आढळली होती. ज्यांची उदासी जगणे अडविण्याइतकी खोल जाते त्यांनी वैद्याकडे जावे, ज्यांना नेत्रविकार आहे किंवा ज्यांचे मन उन्माद आणि विषाद यांत हेलकावे खाते त्यांनी तर दिवा आणण्यापूर्वीच जावे, आणि ह्या दिव्याने ड जीवनसत्त्वही मिळते असे कोणी समजू नये. ते काम अतिनील किरणांचे, आणि हा दिवा ते किरण मुद्दाम गाळून टाकतो. ब्रिटनमध्ये शरद व हिवाळ्यात ते जीवनसत्त्व रोज दहा मायक्रोग्रॅम घ्यावे असा सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर त्याचा विचार करावा असे म्हणतात.

परंतु दिवा ही घरगुती सोय झाली. अख्ख्या गावाने सूर्याकडून उजेडाची तगाई काढल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील र्युकान ह्या गावी गेले पाहिजे. धबधब्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून तीवर खताचा कारखाना चालवावा म्हणून साम आयदे या उद्योजकाच्या नॉर्स्क हायड्रो कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हे गाव वसविले, आणि वसविले ते अशा अरुंद व खोल दरीत की, सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दरीच्या तळास सूर्यकिरण शिवत नाही. दिवस असतो, आकाश निळे असते, वरचे डोंगरमाथे सोन्याने माखलेले दिसतात, आणि खाली माणसे सावलीत वावरत असतात. उजेड डोळ्यांसमोर आहे पण पदरात नाही, ही अवस्था निव्वळ अंधारापेक्षा अधिक जाचक असली पाहिजे. १९१३ साली ऑस्कर किटिलसेन नामक एका हिशेबनिसाने स्थानिक वृत्तपत्रातून सूचना केली की, डोंगरावर आरसा बसवून ऊन खाली पाडावे. आरसा तर बसला नाही. त्याऐवजी १९२८ मध्ये कंपनीने क्रोसोबानेन हा आकाशपाळणा बांधून दिला, म्हणजे ज्याला ऊन हवे असेल त्याने पाळण्यात बसून डोंगरावर जावे आणि सूर्यदर्शन घेऊन परतावे. ऊन दरीत आणणे जमत नाही तर दरीतील माणसास उन्हात नेऊन सोडावे, हा कंपनीचा व्यवहार मला त्या हिशेबनिसाच्या कल्पनेइतकाच मनोरम वाटतो.

पुढे मार्टिन आन्डेरसन ह्या कलावंताने ती जुनी सूचना दप्तरातून पुन्हा वर काढली. खर्च पन्नास लाख क्रोनरांच्या आसपास. एवढा पैसा शाळा-इस्पितळे सोडून कवडशासाठी कशाला, म्हणून गावात कुरकुरही पुष्कळ झाली, आणि ती अगदीच अवाजवी होती असे मी म्हणणार नाही. अखेर ३० ऑक्टोबर २०१३ रोजी गावापासून साडेचारशे मीटर उंचीवर बसविलेल्या तीन आरशांनी, सूर्यामागोमाग संगणकाच्या आज्ञेने वळत वळत, गावच्या चौकात सुमारे सहाशे चौरस मीटरांचा एक लांबट कवडसा टाकला. एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकाएवढी ती जागा! पण लोक तेथे खुर्च्या मांडून, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून बसले, आणि ज्यांनी कुरकुर केली होती त्यांतलेही काही त्यांत होते म्हणतात. आकाश ढगाळ असले की अर्थातच आरशांचा काही इलाज चालत नाही.

त्याहूनही उत्तरेस, एकोणसत्तर अंशांपलीकडे, ट्रॉम्सो शहर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही, आणि डोंगरांमुळे त्याचे प्रत्यक्ष दर्शन २१ जानेवारीच्या सुमारास घडते; त्या दिवशी मुलांना शाळेतून मोकळीक मिळते आणि घरोघर मुरंबा भरलेले तळलेले गोड पाव खाल्ले जातात. परंतु तो काळ निखळ काळोखाचा असतो ही आपली समजूत खरी नव्हे. अयनाच्या दिवशीही माध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजाखाली तीनच अंश असतो, म्हणून दोन-तीन तास निळी-गुलाबी पहाट फुटल्यासारखी राहते आणि सूर्य न उगवताच मावळते. तेवढ्या वेळात लोक बाहेर पडतात. आणि ज्यांना ती वेळ साधत नाही त्यांच्यासाठी नॉर्वेत गावोगाव रानातून खांब रोवून दिवे लावलेल्या वाटा आहेत, जेथे रात्री आठ वाजताही माणसे बर्फावरून घसरत फिरावयास जातात.

ही दीर्घ पहाट मराठी वाचकास अगदीच अनोळखी नाही. लोकमान्यांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध केला, त्यातील युक्तिवादाचा एक मोठा खांब उषेच्या सूक्तांवर उभा आहे : उषा एक नसून अनेक, त्या तीस बहिणी, आणि रात्र सुखरूप पार पडावी म्हणून केलेली आर्त प्रार्थना, हे सारे आपल्याकडच्या घटकाभरच्या पहाटेला आणि बारा-तेरा तासांच्या रात्रीला शोभत नाही, सबब ते ऋषी कधी काळी ध्रुवप्रदेशात राहिले असले पाहिजेत. दीर्घतमस् ऋषीच्या कथेतही त्यांनी हाच अर्थ पाहिला. विद्वानांनी हा सिद्धान्त स्वीकारला नाही आणि मीही त्याची वकिली करीत नाही. परंतु पुण्यात बसून ज्या पुरुषाने लांब रात्रीचे भय इतके बारकाईने ओळखले, तोच चिरोल खटल्यासाठी १९१८ च्या ऑक्टोबरअखेर लंडनला पोहोचला आणि तो सबंध हिवाळा त्याने तेथे काढला, हा योग मला फार विलक्षण वाटतो.

भाचीच्या घरचा दुसरा नियम दुपारी बाराच्या फेरीचा होता. पाऊस असो, वारा असो, समुद्रकाठच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास चालून यावयाचे. प्रथम मी नाना सबबी सांगितल्या. पण त्या करड्या, ओल्या, निस्तेज दिसणाऱ्या आकाशाखाली घरातल्या सर्व दिव्यांहून दसपट प्रकाश आहे, हे एकदा आकड्यांनी पटल्यावर सबब सांगण्याची सोय उरली नाही. तिसरा नियम संध्याकाळचा : जेवणानंतर मोठे दिवे बंद, कोपऱ्यातला एक मंद दिवा तेवढा चालू. सकाळी ओट्यावर सूर्य पेटवावयाचा आणि रात्री घरात मुद्दाम अंधार करावयाचा, हे प्रथम मला विपरीत वाटले होते. दुसऱ्या आठवड्याअखेर सकाळी हाक मारल्याशिवाय जाग येऊ लागली, तेव्हा मी वाद घालणे सोडून दिले.

देव्हाऱ्याशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेवर ती रोजच्या सूर्यास्ताची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवी. संक्रांतीस ते घर तिळगुळाच्या वासाने भरले होते. अयन पालटून तर तीन आठवडे उलटलेले. उत्तरायण आणि मकरसंक्रमण एकाच दिवशी पडत त्याला सतराशे वर्षे होत आली, हे मी तिला पाक ढवळताना समजावून सांगत होतो, आणि टिळक पंचांगवाल्यांची संक्रांत तर १० तारखेलाच होऊन गेली हेही सांगणार होतो, इतक्यात दार वाजले आणि मुले आत आली. भाचीने पेन्सिलीने लिहिलेला आकडा पाहिला : तीन अठ्ठावन्न. घड्याळात पावणेचार झाले होते. तिने काडेपेटी हातात घेतली होती ती परत खाली ठेवली आणि मुलांना म्हणाली, “बूट काढा, हातपाय धुऊन या. दिवा लावायचाय अजून.”