मॉब, जमाव, झुंड : सोलापूरचा एक मागोवा

१९३० च्या मे महिन्यात इंग्रजी सरकारच्या लेखी सोलापूरचे गिरणी कामगार, व्यापारी, विद्यार्थी आणि सत्याग्रही सगळे मिळून ‘मॉब’ झाले. आज हाच शब्द ‘मॉब लिंचिंग’च्या रूपाने मराठी बातम्यांत रुळला आहे. या दोन टोकांमधल्या काळात सोलापूरने या शब्दाचे दोन्ही अर्थ सोसले आहेत.

शब्दाचा जन्म सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाला. लॅटिनमध्ये ‘मोबिले वुल्गस’ म्हणजे चंचल प्रजा, आज इकडे तर उद्या तिकडे वाहणारे सामान्यजन. इंग्रजांनी त्याचा सुरुवातीचा तुकडाच तेवढा ठेवला. जोनाथन स्विफ्टला अशी तोडलेली रूपं खपत नसत. १७१० मध्ये ‘टॅटलर’मध्ये त्याने त्यांच्यावर टीका केली, पण ‘मॉब’ टिकला. त्याच्यासोबत सामान्यांविषयीची वरच्या वर्गाची तुच्छताही टिकली आणि राज्यकर्त्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या थांबल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलिसांनी धरपकड केली, पकडलेल्यांना सोडा म्हणून लोक अडून बसले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग संताप अनावर झाला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, पोलीस मारले गेले, कोर्टालाही आग लागली. पोलीस शहरातून बाहेर काढण्यात आले आणि पुढचे काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. गांधी टोपी घालणंही धोक्याचं झालं.

हरताळ पाळणारे, झाडं तोडणारे, चौकी जाळणारे आणि नंतर रस्त्यावर शिस्त राखणारे, ही सगळी एकाच शहरातली, एकाच आठवड्यातली माणसं. ‘मॉब’ म्हटलं की हे भेद पुसले जातात. याच घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. धनशेट्टींनी खवळलेल्या लोकांना आवरून कलेक्टर नाइट यांचा जीव वाचवला, असं सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आवरणारा आणि पेटवणारा यांच्यात फरक करायचा नसेल, तर न्याय करताच येत नाही. हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. चौकीत मेलेले पोलीसही कुणाच्या तरी घरचेच होते, आणि चौघांचा गौरव करताना त्यांचं मरण झाकण्याचं कारण नाही.

कायद्याची भाषा निदान मोजमाप करते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ नुसार पाच किंवा अधिक माणसं विशिष्ट बेकायदा उद्देशाने एकत्र आली, तर ती बेकायदेशीर जमाव ठरत. आपल्या फिर्यादींत ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’ हे शब्द त्यातूनच आले. पुढे इतिहासकार जॉर्ज रुडे यांनी फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या दंगलींचे पोलिसी कागद तपासून गर्दीतल्या माणसांची नावं, धंदे आणि वस्त्या शोधल्या. त्यांना तिथे मुख्यतः कारागीर, छोटे दुकानदार आणि मजूर सापडले, ठोस मागण्या असलेले.

मग आला १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, आठवडी बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून मारण्यात आलं. पाचांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेवर लोकांनी विश्वास ठेवला आणि समोरच्या माणसांच्या बोलण्यावर ठेवला नाही. त्याच महिन्यात, १७ जुलैला, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडशाहीविरुद्ध सरकारांना निर्देश दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने राईनपाडा प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये, पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून मिळून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आहे.

मराठी वृत्तपत्रांनी अशा हत्येसाठी ‘झुंडबळी’ हा शब्द रूढ केला, तो मला नेमका वाटतो. ‘जमाव’ सभेचाही असतो, मोर्चाचाही, वारीचाही. लोक जमणं हा गुन्हा नाही, लोकशाहीत तर ती ताकद आहे. माणूस समोर असताना त्याची बाजू ऐकून न घेता त्याच्यावर तुटून पडणं, हे झुंडीचं काम.

म्हणून बातमी लिहिताना, फिर्याद नोंदवताना, नाक्यावर बोलताना आपण एवढं तरी पाळावं : माणसं जमली म्हणून त्यांना झुंड म्हणू नये, आणि एखाद्याचा जीव घेणाऱ्यांना ‘संतप्त जमाव’ म्हणून सांभाळून घेऊ नये. राग कितीही खरा असला, तरी हात उचलणाऱ्या प्रत्येकाला नाव असतं आणि ते विचारलं गेलं पाहिजे. १९३० मध्ये सरकारने ते नीट विचारलं नाही, हा सोलापूरचा जुना सल आहे. राईनपाड्यानंतर ते विचारलं गेलं, पण पाच जीव गेल्यानंतर.