घरात नेटची तार टाकताना तांबे पारखून घ्या

सोलापुरात घर आणि कारखाना यांच्यात पुष्कळदा एकाच भिंतीचे अंतर असते. खाली माग, वर बिऱ्हाड, जिन्याजवळच्या खोलीत टॉवेलच्या गाठी आणि हिशेबाचा संगणक. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात ५०,००० रुपयांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइसही सक्तीचे आहे. ऐन वेळी नेट गेले की ट्रक दारात उभा राहतो. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपुढे वायफायचा जोर टिकत नाही. तेव्हा एकदा खर्च करून भिंतीतून तार टाकणे बरे, असे आमचे मत आहे.

आम्ही सुताचा व्यवहार करणारी माणसे. ही तार आम्हाला परकी वाटली नाही. आत आठ बारीक तारा, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला दुपदरी सुतासारखा पीळ. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी अशा पिळाच्या तारेचे पेटंट १८८१ मध्ये घेतले होते. शेजारच्या विजेचा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो. यंत्र फक्त दोघींतला फरक वाचते, त्यामुळे उपद्रव वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त असतो, म्हणजे एकीचा आवाज दुसरीत शिरत नाही. प्लग बसवताना कारागीर घाईने दोन-दोन इंच पीळ उकलतात, ते करू देऊ नये. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलणे नियमात बसत नाही.

आता खरी गोम. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्तात मिळते. बारीक अक्षरात ‘सीसीए’ छापलेले असते, कधी तेही नसते. या कामाच्या मानकांत शुद्ध तांबेच मान्य आहे. २० काउंट सांगून १६ काउंटचे सूत देणाऱ्याला आपण दुकानात उभे करत नाही. मग इथे का फसावे? मुलाम्याची तार वाकवताना लवकर तुटते. तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली तर जास्त तापते. ब्लेडने खरवडून पाहावी; आत पांढरे दिसले तर परत करावी. ३०५ मीटरची पेटी नुसती उचलली तरी वजनातला फरक हाताला कळतो.

घराला ‘कॅट-५ई’ पुरते. १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिट वेग देते. भिंत फोडायचीच असेल तर ‘कॅट-६’ घ्यावी. विजेच्या तारेचा पाइप निराळा ठेवावा, मागाच्या मोटारीजवळ तर जरूर. कारखाना रस्त्यापलीकडे असेल तर मध्ये फायबर टाकावे. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून पावसाळ्यात विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही.

प्लास्टरपूर्वी प्रत्येक तार टेस्टरवर तपासून दोन्ही टोकांना एकच नंबर लिहावा. साधा टेस्टर आठही दिवे ओळीने लावून दाखवतो. पण आत तांबे आहे की ॲल्युमिनियम हे तो सांगत नाही. ते ब्लेडनेच पाहावे लागते.