दावीदाचे सोबती

लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना मळवलीपाशी उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर ही जोडी दिसते. ती रोज पाहणाऱ्या मावळवासीयाला यहूदाचा डोंगराळ मुलूख फारसा परका वाटू नये. तेथेही कडे, गुहा आणि अरुंद खिंडी आहेत. खाली पश्चिमेस समुद्राकाठची सपाटी, आणि त्या सपाटीवर अधिक सामर्थ्यवान पलिष्टी लोकांचा अंमल. इसवी सनापूर्वी सुमारे १००० वर्षे या मुलखात दावीद नावाचा एक तरुण शौल राजाच्या भीतीने पळत होता. त्याच्याभोवती जी माणसे जमली, त्यांच्यापासून आजच्या ख्रिस्ती माणसाने काय घ्यावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम ही माणसे कोण होती ते पाहू. अदुल्लामच्या गुहेत सुमारे ४०० जण आले. शमुवेलाच्या पुस्तकात त्यांचे वर्णन मोठे रोखठोक आहे : कोणी गांजलेले, कोणी कर्जात बुडालेले, कोणी मनाने कडवट झालेले. नामांकित शूर म्हणून जे पुढे गाजले, ते आले तेव्हा सावकाराला तोंड चुकवणारे होते. शिवाजीमहाराजांच्या पहिल्या मावळ्यांतही दरबारी मानमरातबाची माणसे थोडीच होती, हे आपण जाणतो. निष्ठा ही खानदानातून येते असे मानणाऱ्यांनी दोन्ही उदाहरणे एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

पुढे इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय येतो. वरवर पाहता ती नुसती नावांची आणि आकड्यांची जंत्री आहे. पुष्कळ वाचक ती ओलांडून जातात. पण तीत गादाच्या वंशातील लोक पहिल्या महिन्यात यार्देन ओलांडून आले अशी एक नोंद आहे. हा महिना वसंतातला. आपल्याकडे या दिवसांत इंद्रायणीचे पात्र वाळूवर आलेले असते. तिकडे हर्मोन पर्वतावरचे बर्फ वितळून नदी याच दिवसांत दुथडी वाहते. म्हणजे ही माणसे सोयीची वेळ पाहून आली नाहीत.

त्याहून विशेष गोष्ट बन्यामीन वंशाची. शौल हा बन्यामिनी. त्याचेच भाऊबंद दावीदाकडे आले. दावीद गडाबाहेर सामोरा गेला आणि त्याने स्पष्ट विचारले, की तुम्ही मदतीला आलात की मला वैऱ्याच्या हाती देण्यास? तेव्हा अमासय नावाच्या नायकाने सर्वांच्या वतीने उत्तर दिले, की आम्ही तुझेच आहोत, कारण तुझा देव तुला साहाय्य करतो. मग दावीदाने त्यांना आपल्या टोळीवर नायक नेमले.

हा प्रसंग वाचताना १६५९ साल आठवल्याशिवाय राहत नाही. अफजलखान चालून आला तेव्हा रोहिडखोऱ्यातील खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे यांनाही विजापूरचे फर्मान आले होते. ते मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. जेधे करीन्यात असे सांगितले आहे, की महाराजांनी त्यांना वतनाचा धोका उघड बोलून दाखविला आणि कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. दोन्ही ठिकाणी पुढाऱ्याने आलेल्या माणसाला आधी किंमत सांगितली, आणि माणसाने ती ऐकून मग शब्द दिला. आमच्या मंडळ्यांत सभासद करून घेताना ही पहिली पायरी बहुधा गाळली जाते.

परंतु दावीदाच्या टोळीतही सर्व काही गोड नव्हते. ते लोक मोहिमेवर असताना अमालेकी लोकांनी सिकलाग गाव जाळले आणि बायकामुले नेली. परत आलेल्या शूरांनी रडून रडून डोळे कोरडे केले आणि मग दावीदालाच धोंडमार करावा अशी भाषा सुरू झाली. पाठलागाला ६०० निघाले. बसोर ओहोळापाशी २०० जण थकून बसले व सामान राखीत राहिले. ४०० पुढे गेले, जिंकले, सारे सोडवून आणले. परतताना त्यांच्यातील काही म्हणू लागले, की मागे राहिलेल्यांना त्यांची बायकामुले द्या, लुटीतले काही नको. दावीदाने ते मानले नाही. लढणारा आणि सामान राखणारा यांचा वाटा सारखा, असा त्याने नियम घातला. माझ्या मते साऱ्या कथेत एकीचे याहून मोठे कृत्य नाही. शत्रूविरुद्ध एक होणे सोपे. लूट वाटताना एक राहणे कठीण.

शौलाच्या मृत्यूनंतर दावीदाने साडेसात वर्षे हेब्रोन येथे केवळ यहूदावर राज्य केले, आणि मग सगळे वंश तेथे जमले. जंत्रीतील बेरीज तीन लाखांवर जाते. हिब्रूत ‘एलेफ’ या शब्दाचा अर्थ हजार असा आहे, तसाच कुळाची तुकडी असाही आहे, म्हणून अनेक अभ्यासक हे आकडे अक्षरशः घेत नाहीत. त्यातही दावीदाच्या स्वतःच्या यहूदाचे ६,८०० आणि दूरच्या जबुलूनचे ५०,०००, हा क्रम बोलका आहे. हे पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिले गेले. फुटलेल्या राष्ट्राला पूर्वी आपण एक होतो याची आठवण त्याला द्यावयाची होती. जबुलूनच्या लोकांविषयी तो लेखक मुद्दाम नोंदवितो, की त्यांचे मन दुहेरी नव्हते. तीन दिवस जेवणावळी चालल्या. शेजारचे वंश गाढवे, उंट, खेचरे व बैल यांवर पीठ, अंजिरांच्या ढेपा, मनुका, तेल लादून घेऊन आले.

ती एकी दोन पिढ्या टिकली. दावीदाचा नातू रहबाम याने वेठीचे ओझे हलके करण्याचे नाकारले आणि दहा वंश निघून गेले.

आता आपल्याकडे पाहू. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत काम सुरू केले. नंतर स्कॉटिश, अँग्लिकन, मेथडिस्ट अशी मिशने आली आणि पुष्कळ ठिकाणी त्यांनी कामाचे मुलूख वाटून घेतले. त्यामुळे मराठी ख्रिस्ती कुटुंब कोणत्या पंथाचे, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा कोणाचा टांगा गावात आधी पोचला यावरून ठरले! युरोपातली भांडणे अशी आम्ही वारशाने घेतली. ती मिटविण्याच्या वाटाघाटी उत्तर भारतात १९२९ साली सुरू झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. कागदावरची एकी व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली. जातीची आठवण, मालमत्तेचे दावे आणि पुढारीपणाची ओढ यांचा निकाल मात्र करारपत्राने लागत नाही. बसोर ओहोळाचा नियम येथेच कामाचा आहे. व्यासपीठावर बोलणारा आणि सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळणारा यांचा वाटा आम्ही सारखा धरतो का?

एक इशारा मात्र दिला पाहिजे. दावीदाच्या शूरांची तलवार आम्हांला घ्यावयाची नाही. ख्रिस्ताने पेत्राला ती म्यानात घालावयास सांगितले. शिवाय निष्ठा पुढाऱ्याकडे वाहणारी एकमार्गी गोष्ट नव्हे. तहानलेल्या दावीदासाठी तिघांनी पलिष्ट्यांची छावणी भेदून बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणले, तेव्हा ते त्यांच्या रक्तासमान आहे म्हणून त्याने ते न पिता देवापुढे ओतले. हाच दावीद पुढे राजवाड्यात बसला. उरीया हा जातीने हित्ती, म्हणजे परका. सोबती उघड्या रानात तळ देऊन असताना मी घरी निजणार नाही, असे म्हणून तो राजाच्या दाराशीच झोपला. त्याच्या बायकोचा अपहार केलेल्या राजाने त्याच्याच हाती त्याच्या मरणाचे पत्र देऊन त्याला आघाडीवर पाठविले. नाथान संदेष्ट्याने राजाला तोंडावर दोषी ठरविले, आणि लिहिणाऱ्यांनीही ते झाकले नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील शूरांची यादी उरीया हित्ती या नावावर संपते. त्यानंतर फक्त ‘एकंदर सदतीस’ हा आकडा येतो.