फुप्फुसाच्या गाठीचा रिपोर्ट : प्रथिनाचे नाव विचारा

साखरा, सेनगाव, हिंगोली या आपल्या भागात खोकला लांबला, बेडक्यातून रक्त पडले, वजन उतरले की पहिला संशय टीबीचा येतो. तो रास्तच आहे. पण बेडक्यात जंतू सापडले नसतील आणि गोळ्यांनी उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा गाठा. गोळ्या मनाने बंद करू नका. एक्स-रेत टीबीचा डाग आणि कर्करोगाची गाठ सारखीच दिसू शकते. खरे काय ते सीटी स्कॅन आणि बायोप्सीत, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर कळते.

"बाईने कधी बिडीला हात लावला नाही, मग हे कसे?" असे घरचे विचारतात. कुणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. तेव्हा कारण पेशीतच शोधू या.

पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे प्रथिन असते. बाहेरून निरोप आला की ते पेशीला 'वाढ' म्हणून सांगते आणि निरोप थांबला की गप्प बसते. त्याच्या जनुकात बिघाड झाला तर ते निरोपाविनाच चालू राहते, बटण अडकलेल्या मोटारीसारखे. पेशी वाढतच जातात. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या गाठीत हा बिघाड जास्त आढळतो. प्रथिन नुसते जास्त असून भागत नाही, बिघाड आहे का ते पाहावे लागते. जेफिटिनिबसारखी गोळी हे अडकलेले बटण बंद करते. बिघाड नसलेल्याला मात्र ती देऊन उपयोग नाही, उलट योग्य उपचाराचा वेळ जातो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने असा बिघाड असलेल्या, रोग पसरलेल्या ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीवर रोग साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर गोळीसोबत केमोथेरपी दिल्यावर १६ महिने. आयुष्यही वाढले. मात्र तीव्र दुष्परिणाम दुप्पट रुग्णांना झाले, हेही विसरता येत नाही. अशक्त माणसाला दोन्ही झेपतीलच असे नाही.

रिपोर्टवर पीडी-एल१ असेही एक नाव असते. हे प्रथिन शरीराच्या संरक्षक पेशींना चकवते. गाठीतल्या निम्म्या किंवा अधिक पेशींवर ते असेल तर इम्युनोथेरपीचा लाभ होण्याची शक्यता वाढते. अडचण पैशाची. ही इंजेक्शने फार महाग आहेत. जेफिटिनिब मात्र भारतीय कंपन्यांचे जेनेरिक मिळते.

म्हणून बायोप्सी झाली की डॉक्टरांना थेट विचारा : ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ तपासायला पाठवले का? तपासणीला तुकडा पुरेल ना? छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना जुने एक्स-रे, बेडक्याचे रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.