सातव्या महिन्यातली एक सुई

रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा देवलापारकडच्या एखाद्या उपकेंद्रात गरोदर बाईचे नाव नोंदले की तिला टीडीचे इंजेक्शन मिळते. त्याने धनुर्वात आणि घटसर्प टळतो. डांग्या खोकल्याची लस मात्र त्यात नसते. ती असते ‘टीडॅप’मध्ये.

डांग्या खोकला मोठ्या माणसाला आठवडेच्या आठवडे छळतो. तान्ह्या बाळाचे तसे नाही. त्याला कधी कधी ढास लागतच नाही. श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. अशा वेळी घरगुती काढ्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. बाळाची स्वतःची पेंटाव्हॅलंट लस सुरू होते दीड महिन्याला. तोवर त्याला आधार आईच्या रक्तातून वारेवाटे आलेल्या प्रतिपिंडांचाच.

अपुऱ्या दिवसांचे बाळ अडते ते इथेच. ही प्रतिपिंडे सर्वाधिक पोहोचतात शेवटच्या काही आठवड्यांत, आणि बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ त्याआधीच बाहेर आलेले असते. म्हणून लस कधी घेतली याला महत्त्व. ब्रिटनने २०१२ मध्ये गरोदर स्त्रियांना ही लस अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून देणे सुरू केले. २०१६ मध्ये ती सोळाव्या आठवड्यापासून देण्याची मुभा दिली. लवकर जन्मणाऱ्या बाळांनाही लाभ मिळावा, हा त्यामागचा एक हेतू. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ‘फॉग्सी’ सत्तावीस ते छत्तीस आठवडे सांगते. सुईनंतर प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. जुळे असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा आधीचे बाळंतपण लवकर झाले असेल, तर नवव्या महिन्याची वाट कशाला पाहायची? सातवा लागताच डॉक्टरांना विचारा. टीडीच्या दुसऱ्या डोसाऐवजी टीडॅप घेता येते. लशीत जिवंत जंतू नसतात. मात्र प्रत्येक गरोदरपणात ती नव्याने घ्यावी लागते.

सरकारी कार्यक्रमात टीडॅप नाही. खासगीत हजाराहून अधिक रुपये लागतात आणि शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. बाळाची लस फुकट आणि त्याच रोगावरची आईची लस विकत, हे काही पटत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान खोकणाऱ्या माणसाला, मग तो सख्खा मामा का असेना, बारशाला बाळाजवळ जाऊ देऊ नये.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा दीड महिना जन्मतारखेपासूनच मोजायचा. ‘वजन भरू दे, मग लस देऊ’ म्हणून थांबू नका. बाळाची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरही त्याच तारखेला लस देतात.