वडीलधाऱ्यांचे घर आणि नवा वीजमीटर

वीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. परंतु ती मोजावी कशी, मोजलेल्या आकड्यावर सत्ता कोणाची आणि पैसे आधी द्यावे की मागून, हे प्रश्न आज घरोघर उभे राहिले आहेत. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले पतिपत्नी दोघेच राहतात, मुले दूरगावी किंवा परदेशी आहेत, आणि दारात वीज कंपनीचा माणूस ‘स्मार्ट’ मीटर घेऊन आला आहे, त्या घराने काय करावे? ‘घेऊन टाका’ म्हणणारे आणि ‘हाकलून द्या’ म्हणणारे दोघेही तावातावाने बोलतात. आपण जरा शांतपणे पाहू.

प्रथम मीटर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. काचेआड फिरणारी चकती आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी न्याहाळली असेल. १८८५ साली इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरत्या चुंबकक्षेत्राचा प्रयोग केला आणि १८८९ साली हंगेरीतील ओटो ब्लाथी यांनी त्याच तत्त्वावर मीटर सिद्ध केला. चकतीच्या फेऱ्या मोजायच्या, त्यावरून युनिट काढायचे, एवढेच त्याचे काम. नवा मीटरही युनिटच मोजतो. फरक असा की, चकतीच्या जागी इलेक्ट्रॉनिक मंडल आहे. दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद ठेवली जाते. ती नोंद आपोआप कंपनीकडे जाते. आणि कंपनीला दुरूनच वीज तोडता व जोडता येते. यांतल्या पहिल्या गोष्टीमुळे बिलाची तक्रार उद्भवते, दुसरी आणि तिसरी खासगीपणाला भिडते, आणि चौथी म्हाताऱ्या माणसाच्या रात्रीच्या झोपेला.

बिलाची गोष्ट घेऊ. जुनी चकती झिजली, तिच्या टेकूत धूळ साठली, की ती मंद फिरते; अगदी लहान वापराला तर हलतही नाही. नवा मीटर कण न् कण मोजतो. टीव्हीचा डबा बटणाने बंद पण भिंतीवरचा स्विच चालू, असा पाच वॅटचा वापर अहोरात्र राहिला, तर तीस दिवसांत ३.६ युनिट होतात. अशी तीनचार उपकरणे असली की बिल का वाढले याचा उलगडा होतो.

दुसरे कारण जुन्या वाड्यांना विशेष लागू आहे. नवे मीटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतील प्रवाह पाहतात, आणि दोहोंत फरक आढळला तर जो जास्त तो हिशेबात धरतात. चोरी पकडण्यासाठी ही योजना आहे. परंतु वाड्यात दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल एकत्र जोडलेली असेल, किंवा ओलीमुळे वीज जमिनीत झिरपत असेल, तर चोरी न करणाऱ्यालाही तिचा भुर्दंड बसतो. म्हणून मीटर येण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून घरातील जोडणी तपासून घ्यावी. घरातील सर्व स्विच बंद करून मीटरवरचा दिवा लुकलुकतो काय, हे पाहण्यास तर वायरमनचीही गरज नाही.

मग नवा मीटर चुकतच नाही काय? तसेही नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत नऊ मीटरांपैकी पाच मीटरांनी, मंदक लावलेल्या आधुनिक दिव्यांच्या विशिष्ट जोडणीत, प्रत्यक्षाहून फार मोठे आकडे दाखविले होते. ती प्रयोगशाळेतील परिस्थिती होती. पण यंत्राला प्रश्न विचारण्याचा हक्क आपण सोडू नये, एवढे त्यावरून ठरते.

खासगीपणाविषयी थोडे. दर पंधरा मिनिटांच्या आकड्यांवरून घर केव्हा उठते, केव्हा झोपते, चार दिवस कुलूप आहे काय, हे समजते. याच विचाराने २००९ साली नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीचे विधेयक अडविले होते. आपल्याकडेही ही माहिती कोण पाहतो, हे विचारणे म्हणजे आडमुठेपणा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने वीज वितरण सुधारणेची योजना काढली आणि त्यात २५ कोटी प्रीपेड मीटरांचे उद्दिष्ट ठेवले. प्रीपेड म्हणजे पैसे आधी, वीज मागून. महाराष्ट्रात त्याला विरोध झाला, आणि सर्वसामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसविले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर ‘टीओडी’ या नावाने, महिनाअखेर बिल देणारे स्मार्ट मीटर बसू लागले. यंत्र बहुतांशी तेच. हिशेबाची रीत वेगळी. आणि आमच्या मते म्हाताऱ्या माणसाचे हित-अनहित या रीतीतच आहे.

विद्युत अधिनियम, २००३ च्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. या पंधरा दिवसांत आजोबा दवाखान्यातून परत येतात, मुलाचे पैसे पोहोचतात, शेजारी बिल भरून येतो. प्रीपेडमध्ये ही उसंत मोबाइलवरच्या संदेशापुरती उरते; आणि तो संदेश चष्मा सापडेपर्यंत कोण वाचणार? घरात इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल, प्राणवायूचे यंत्र उशाशी असेल, तर ही उसंत म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होतो. प्रीपेड घेतल्यास अनामत रक्कम भरावी लागत नाही, ही ४७ व्या कलमातील सवलत खरी. पण तेवढ्यासाठी पंधरा दिवस विकू नयेत.

उलट, मागून बिल देणाऱ्या नव्या मीटरचा वडीलधाऱ्यांना एक लाभही आहे. १ जुलै २०२५ पासून महावितरणने असे मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे सवलत लागू केली; सुरुवातीस ती ८० पैसे होती. नोकरदार या वेळी घराबाहेर असतो. निवृत्त माणूस घरी असतो. पंप, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र दुपारी चालविले आणि महिन्याचे ४० युनिट या वेळेत पडले, तर ३२ रुपये वाचतात. रक्कम लहान आहे. पण जे लाभाचे ते लाभाचे म्हणावे. चालू दर अर्थातच बिलावर पाहून घ्यावा.

तेव्हा आमचे मत असे. त्याच अधिनियमाचे ५५ वे कलम अचूक मीटरवाचून वीज देऊ नये असे सांगते. म्हणून जुना मीटर बिघडलेला असेल तर निव्वळ नकाराने काही साधत नाही. मागून बिल येणारा मीटर घ्यावा. आपल्या संमतीवाचून तो प्रीपेड होऊ नये, हे लेखी कळवून पोच घ्यावी. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा यांचे छायाचित्र ठेवावे. वैद्यकीय यंत्र असल्यास तेही अर्जात नमूद करावे. बिल अवाजवी वाटले तर तक्रार करावी. २०२४ साली दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनुसार कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जोडमीटर बसवून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा असतो. तेथे न्याय न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

आणि मुलांना एक सांगणे. आईवडिलांच्या घरचा मीटर बदलतो त्या दिवशी दूरध्वनीवर ‘सही करून टाका’ एवढेच म्हणू नका. कागद वाचून दाखविण्यास कोणीतरी त्यांच्याजवळ असू द्या. समजून केलेली सही आणि गोंधळून केलेली सही कागदावर सारखीच दिसते, पण पुढे वाद उभा राहिला म्हणजे त्यांतला फरक कळतो.