चाचणीचे भाषांतर : शब्द आणि भार

मनोव्यापार मोजणाऱ्या चाचणीचे भाषांतर म्हणजे केवळ शब्दास प्रतिशब्द देणे नव्हे; मूळ प्रश्न मनावर जो भार टाकतो, तोच नव्या भाषेत टाकणे होय. फोल्स्टाइन प्रभृतींनी १९७५ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेली मानसिक स्थितीची लघुचाचणी उदाहरणादाखल घेऊ. स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीत ती वापरली जाते. शंभरातून सात-सात वजा करण्यास पर्याय म्हणून तीत ‘वर्ल्ड’ या शब्दाची पाच अक्षरे उलट क्रमाने सांगावयाची असतात. हेतू अवधान पाहण्याचा.

‘जग’ हा प्रतिशब्द अर्थदृष्ट्या निर्दोष आहे. त्याचे पुन्हा इंग्रजी केले तरी दोष आढळणार नाही. परंतु दोनच अक्षरे उलटण्यास श्रम ते कोणते? ‘विश्व’ घ्यावा, तर ऱ्हस्व वेलांटी लेखनात व्यंजनाच्या आधी आणि उच्चारात नंतर येते. शिवाय जोडाक्षर एक मानावे की फोडावे, हा प्रश्न उरतोच. निरक्षरास तर हा प्रश्न लागूच पडत नाही.

हरियाणातील बल्लभगड भागातील ग्रामीण वृद्धांसाठी केलेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी रूपात त्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने विचारले आहेत. वारांचा क्रम निरक्षरासही मुखोद्गत असतो. तो उलटविण्यास अवधानच लागते. येथे शब्द बदलला, भार टिकला.

तथापि मूळ चाचणीची गुणमर्यादा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. ती त्या त्या भाषकसमाजात नव्याने ठरवावी लागते. अन्यथा अक्षरओळखीचा अभाव बुद्धीचा ऱ्हास म्हणून नोंदला जाईल, आणि निरोगी वृद्धा रोगी ठरेल.